जास्वंदीवर पिठ्या, लिंबावर अळ्या, मिरचीचा बोकड्या : कुंडीतल्या झाडांचं दवापाणी

अबोली_ठाणे

नमस्कार मंडळी. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे. जास्वंद, कागदी लिंबू, दोन मिरच्या, तुळस, गुलाब आणि कढीपत्ता, एवढीच झाडं. पावसाळाभर सगळं छान होतं. दिवाळीनंतर जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं दिसायला लागलं. कळ्या उमलायच्या आधीच गळतात. खालची पानं चिकट झाली आहेत आणि त्यांच्यावर काजळी धरल्यासारखा काळा थर आहे. खोडावर मुंग्यांची रांग दिवसभर चालू. सोसायटीत कोणी सांगतं हळद टाका, कोणी राख, कोणी थेट रोगर मारायला सांगतं. घरात लहान मूल आहे, बाल्कनीचं दार उघडंच असतं, त्यामुळे जालीम औषध नको वाटतं. मिरचीची पानंही आकसली आहेत, पण आधी ही जास्वंद वाचवायची आहे. कुणी नीट सांगेल का?

मृद्गंध

अबोलीताई, जास्वंदीची तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं एकाच किडीची आहेत. ते पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. तो कोवळ्या फांदीतला रस शोषतो आणि अंगी न लागलेली साखर चिकट थेंबांतून बाहेर टाकतो. तो चिकटा खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते. ही बुरशी पानात शिरत नाही, फक्त ऊन अडवते, त्यामुळे तिच्यासाठी वेगळं बुरशीनाशक आणू नका. ओल्या फडक्याने पुसली की निघते. मुंग्या त्याच चिकट्यासाठी येतात आणि त्या बदल्यात पिठ्याची राखण करतात. त्याला खायला आलेले किडे हुसकावतात, पिल्लं एका फांदीवरून दुसरीवर नेऊन ठेवतात. म्हणून मुंग्यांचा रस्ता तोडल्याशिवाय पिठ्या जाणार नाही.

आज कुंडी बाकीच्यांपासून दूर करा. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, घरच्या खताच्या डब्यात नको. मग नळीने किंवा स्प्रेने जोरात पाणी मारा, पानांच्या खालून आणि फांद्यांच्या बेचक्यांत. जे चिकटून राहतील त्यांना सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपा. पिठ्याच्या अंगावर मेण असतं, पाण्यातलं औषध त्याच्यावरून घरंगळून जातं. स्पिरिट ते मेण विरघळवतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फवारणी. १ लिटर कोमट पाण्याला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ ते २ मिली सौम्य द्रव साबण. साबण आधी तेलात घोटायचा, मग थोडं थोडं पाणी घालायचं. मिश्रण दुधाळ दिसलं पाहिजे, वर तेलाचा तवंग आला तर फवारू नका, पानं भाजतात. फवारतानाही बाटली मधून मधून हलवत राहा. कपडे धुण्याची पावडर अजिबात वापरू नका. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा, मग सगळ्या झाडावर.

एक मादी पांढऱ्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि त्या पिशवीत तेल पोहोचत नाही. नुकत्या निघालेल्या पिल्लांवर मात्र मेण नसतं, ती सहज मरतात. म्हणून दर ७ दिवसांनी, किमान तीन-चार वेळा फवारायचं. "कडुनिंबाचं तेल मारलं, काही उपयोग झाला नाही" असं सांगणाऱ्या बहुतेकांनी ते एकदाच मारलेलं असतं.

मुंग्यांसाठी कुंडी विटेवर ठेवा आणि वीट पाण्याच्या पसरट ताटलीत. फांद्या ग्रिलला किंवा भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर मुंग्या तिकडून येतील. ताटलीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, डेंग्यूचे डास त्यातच होतात.

गच्चीकर

वर सगळं आलंच आहे, एक पुस्ती. द्रव साबण नसेल तर रिठे रात्रभर भिजवून, कुस्करून गाळलेलं पाणी चालतं. आणि कुंडीच्या तळाच्या भोकाशी पांढरी पूड दिसते का पाहा. पिठ्याचा एक प्रकार मुळांवरच राहतो, तिथे वरून कितीही फवारलं तरी झाड सुकत जातं. तसं असेल तर झाड काढून मुळं धुवायची आणि नव्या मातीत लावायचं.

रानवाटा

बोळा फिरवायच्या आधी भिंग घेऊन पाच मिनिटं बघा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पिठ्यांमध्ये कधी कधी एक मोठा, झुबकेदार, पांढऱ्या झालरींचा प्राणी दिसतो. लोक त्याला "मोठा मिलीबग" समजून चिरडतात. तो ढालकिड्याचा डिंभ असतो, म्हणजे क्रिप्टोलेमस नावाच्या भुंग्याची अळी. पिठ्याची अंडी आणि पिल्लं हेच त्याचं अन्न. ओळख सोपी आहे : पिठ्या ढिम्म बसून असतो, हा भराभर चालतो आणि आकाराने मोठा असतो. वाढलेला भुंगा काळा, डोकं आणि मागचं टोक तांबूस. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली मुद्दाम आणला गेला आणि आता आपल्याकडे स्थिरावला आहे. तो दिसला तर त्या फांदीवर काहीही फवारू नका.

पपईवरच्या पिठ्याचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. २००८ साली तो कोइंबतूरला पहिल्यांदा सापडला आणि थोड्याच काळात पुण्यापर्यंत पपईच्या बागा पांढऱ्या झाल्या. औषधांवर औषधं मारूनही आवरेना. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून असेरोफॅगस पपायी ही परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी ती, पण बहुतेक ठिकाणी कीड तिनेच आटोक्यात आणली. आपल्या बाल्कनीतही असे मदतनीस येतात. त्यांना यायला जागा ठेवायला हवी.

अबोली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंगातून पाहिलं, झालरीवाला कुणी नाही, सगळे ढिम्मच आहेत. शेंडे कापले, ताटली ठेवली. आता मिरचीबद्दल विचारते. पानं वाटीसारखी वळली आहेत, शेंडा बारीक झालाय, फुलं गळतात. हा बोकड्या आहे का? रोप टाकून द्यावं लागेल का?

मृद्गंध

बोकड्याची कारणं तीन आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं, त्यामुळे पान हातात घेऊन बघा.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, पिवळसर बारीक काड्यांसारखे किडे पळताना दिसतील. शेंडे पाण्याने धुवा, निळा चिकट सापळा लावा, निंबोळी अर्क फवारा.

पान खालच्या बाजूला वळलं असेल, अरुंद झालं असेल, देठ लांबलेला आणि पानाची पाठ तपकिरी, तर पिवळा कोळी. हा साध्या डोळ्यांना दिसत नाही. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, आणि बरीच कीटकनाशकं त्याला लागूच पडत नाहीत. उलट त्याला खाणारे प्राणी मरतात आणि तो आणखी वाढतो. त्याच्यावर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. मात्र कडक उन्हात, पारा पस्तिशीकडे गेलेला असताना गंधक मारू नका. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी आणि गंधक यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं करपतात. काकडी-भोपळ्याच्या वेलांना गंधक सोसत नाही, तेही लक्षात ठेवा.

पान लहान, चुरगळलेलं, शिरांमधला भाग पिवळट आणि झाड खुजं राहिलं असेल, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. शेजारच्या मिरच्या-टोमॅटो वाचवायचे असतील तर ते रोप उपटून टाकणं एवढंच हातात आहे. जिवावर येतं, पण टाका. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे झाडाच्या उंचीला लावा.

निंबोळी अर्क घरी करायचा तर ५० ग्रॅम निंबोळीच्या बियांची भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, थोडा साबण घाला आणि त्याच दिवशी वापरून संपवा. कडुनिंबातलं अझाडिरेक्टिन उन्हात लवकर मोडतं, म्हणून संध्याकाळचीच वेळ.

अबोली_ठाणे

होडीच आहे! कागदावर किडे पळताना दिसले. म्हणजे रोप राहील. किती बरं वाटलं सांगू.

बांधावरून

तुम्ही सगळे फार लांबचा रस्ता सांगताय असं मला प्रामाणिकपणे वाटतं. इमिडाक्लोप्रिड अर्धा मिली लिटरला, एक फवारा, आठ दिवसांत झाड स्वच्छ. शेतात आम्ही तेच करतो. औषध योग्य मात्रेत वापरलं तर त्यात वाईट काय?

विदर्भकन्या

दादा, तुमचा अनुभव खोटा नाही, ते काम करतंच. पण शेत आणि बाल्कनी यांत फरक आहे. बाल्कनीतली फवारणी म्हणजे घरातली फवारणी, तो धूर पडद्याला, वाळत घातलेल्या कपड्यांना, मुलाच्या सायकलला बसतो. शिवाय इमिडाक्लोप्रिड आंतरप्रवाही आहे, ते झाडाच्या रसात आणि फुलातल्या मधातही उतरतं. जास्वंदीवर शिंजीर येतो, मधमाशा येतात. मिरची, लिंबू, कढीपत्ता तर आपण खातो.

मी यवतमाळची आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात किती घरं उघडी पडली, ते जवळून पाहिलंय. तेव्हापासून औषधाची बाटली हातात घेतली की आधी लेबलवरचा त्रिकोण बघते. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. घरात लाल-पिवळा येऊच देऊ नये, या मताची मी आहे. नर्सरीवाले पूर्वी मातीत टाकायला दाणेदार थिमेट द्यायचे, त्यातलं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशकही त्याच तारखेपासून. जुनी पुडी घरात असेल तर वापरू नका.

बांधावरून

पटलं. खायच्या झाडांचा आणि लहान मुलाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तंबाखूचं पाणी तरी चालेल ना? आमच्याकडे आजी मारायची.

मृद्गंध

तेही टाळा. निकोटीन हे स्वतःच जहाल विष आहे आणि कातडीतून शरीरात जातं. शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोवर येऊ शकतो.

सावंतवाडीकर

लिंबाबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्या कुंडीतल्या लिंबावर पक्ष्याने शिटल्यासारखं काहीतरी चिकटलेलं असतं आणि चार दिवसांत पानं साफ. दुसरीकडे नव्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा.

रानवाटा

पहिली आहे फुलपाखराची अळी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावलंत तर डोक्यामागून केशरी-लाल दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माणसाला काहीही अपाय नाही. बहुतेक वेळा ती लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉनची असते, पण तुमच्या सावंतवाडीकडे ब्लू मॉरमॉनचीही असू शकते. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू केलं ते हेच, आणि त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात.

यासाठी फवारणी नकोच. रोज सकाळी पानं उलटून बघा, अळी दिसली तर पानासकट उचलून आवारातल्या मोठ्या लिंबावर नेऊन सोडा. मोठ्या झाडाला चार पानं गेल्याचं काही वाटत नाही. कुंडीतलं झाड जोमात असेल तर एखादी तिथेच वाढू द्या, घरातल्या मुलांना कोष आणि फुलपाखरू बघायला मिळेल. रोप फूटभराचं असेल तेव्हा मात्र अळी हलवाच.

मृद्गंध

चंदेरी रेघ म्हणजे नागअळी. ती पानाच्या पापुद्र्याखाली असते, म्हणून रेघ उमटल्यावर मारलेलं औषध फारसं पोहोचत नाही. पालवी बोटभर असतानाच निंबोळी अर्क मारायचा आणि आठवड्याने पुन्हा. रेघा पडलेली सगळी पानं तोडत बसू नका, झाड त्यांच्यावरही अन्न करतं. पण पानांवर खडबडीत, पिवळ्या कडेचे तपकिरी फोड दिसले तर तो खैऱ्या, जिवाणूंचा रोग. नागअळीच्या जखमांतून तो सहज शिरतो. ती पानं-फांद्या कोरड्या दिवशी कापा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम फवारा.

द्राक्षवेल_नाशिक

गुलाबाचं मी सांगतो, घरची द्राक्षबाग असल्याने भुरी आणि मोरचुदाशी (कॉपर सल्फेट) जुना संबंध आहे.

फांदी टोकाकडून काळी पडत खाली येत असेल तर तो शेंडेमर, नर्सरीत डायबॅक म्हणतात. काळ्या भागाच्या खाली दोन-तीन इंच, आतला गाभा स्वच्छ पांढरट-हिरवा दिसेल तिथे तिरका काप घ्या. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. गाभ्यात तपकिरी ठिपका उरला असेल तर अजून खाली जा, इथे दयामाया करू नका. कापावर बोर्डो पेस्ट किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईडची दाट पेस्ट लावा.

बोर्डो घरी करता येतं : १ टक्का मिश्रणासाठी १ लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवायचे, मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या निवळीत ओतायचं, ढवळत. धातूचं भांडं नको. मग लोखंडी पातं बुडवून बघा. त्याच्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना घाला, नाहीतर पानं भाजतील. त्याच दिवशी वापरायचं. फ्रान्सात बोर्डो भागात द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी मिलार्डे यांनी १८८५ साली हे मिश्रण मांडलं. आजही आमच्याकडे पाऊस संपत आला की त्याचाच आधार असतो. चार कुंड्यांसाठी एवढा खटाटोप नको असेल तर तयार कॉपर ऑक्सिक्लोराईडच घ्या.

पानांवरची पांढरी पूड ही भुरी. तिला पान ओलं असावं लागत नाही. दिवसा उबदार, रात्री गारठा आणि दाटीवाटी झाली की ती येते. लवकर लक्षात आली तर दूध एक भाग, पाणी नऊ भाग, उन्हाच्या वेळी फवारा. ब्राझीलमध्ये १९९९ साली भोपळ्याच्या जातीच्या झाडांवर याचे प्रयोग प्रसिद्ध झाले, आठवड्याला फवारून भुरी चांगली आटोक्यात आली होती. जास्त पसरली तर गंधक.

काळे गोल ठिपके पडून पानं पिवळी होऊन गळतात तो रोग मात्र ओल्या पानावर वाढतो. संध्याकाळी झाडाला आंघोळ घालायची सवय असेल तर ती बंद करा. पाणी सकाळी, बुंध्याशी. गळलेली पानं कुंडीत राहू देऊ नका, पुढचा रोग तिथूनच येतो.

गच्चीकर

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. इथे आणि इतरत्र "पानं पिवळी पडताहेत, कोणता रोग?" म्हणून जे फोटो येतात, त्यांतल्या निदान अर्ध्यांत मला रोग दिसतच नाही, पाणी दिसतं. कुंडीखाली ताटली, ताटलीत कायम पाणी, तळाचं भोक चिखलाने बुजलेलं, आणि वरून रोज एक तांब्या. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, मग झाड मान टाकतं. मालक म्हणतो तहानलंय, आणि अजून पाणी घालतो. मनी प्लांट, स्नेक प्लांट, कोरफड, तुळस, सगळ्यांचा शेवट असाच होताना पाहतो आणि फार वाईट वाटतं, कारण हे पूर्ण टाळता येतं.

बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही. माती नुसती लाल किंवा नुसती काळी नको, तिच्यात कोकोपीट, शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी जाड वाळू हवी. मान टाकलेलं झाड कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरी, घट्ट असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी असतील तर ती कापा, नवी कोरडी माती, लहान कुंडी, सावलीत ठेवा. मातीत ट्रायकोडर्मा मिसळा, किलोला ५ ग्रॅम. ही उपकारक बुरशी आहे, म्हणून तिच्याबरोबर बुरशीनाशक ओतू नका, तीच मरेल.

कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर तीही ओल्या कोकोपीटची खूण. वरचा इंचभर थर सुकू द्या, पिवळा सापळा लावा.

आणि टोमॅटोच्या बुडाला काळा खोलगट डाग पडतो तोही रोग नाही. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब, असं पाणी झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. पाणी नियमित करा, पुढची फळं चांगली येतील.

सावंतवाडीकर

गच्चीकर, हे फार मोलाचं लिहिलंत. अजून एक, आमच्याकडे नारळावर आणि आता कुंडीतल्या केळीवरही पानाखाली पांढऱ्या चकल्या दिसतात.

मृद्गंध

ती चक्राकार पांढरी माशी, रुगोज म्हणतात तिला. २०१६ मध्ये तमिळनाडूत प्रथम आढळली, मग किनारपट्टीने वर आली. पानाखालून जोरात पाणी मारा, पिवळे सापळे लावा, पण कीटकनाशक नको. तिची परोपजीवी गांधीलमाशी एन्कार्सिया तिच्या मागोमाग पसरली आहे. आपण विष मारलं की आधी ती मरते.

जर्सीची_सखू

धागा वाचून राहवलं नाही. न्यू जर्सीत राहते. कढीपत्ता ऑक्टोबरात घरात घ्यावा लागतो, हीटर चालू झाला की पानं गळतात आणि खोडावर तपकिरी टिकल्या बसतात, नखाने निघतात. पानांवर बारीक जाळीही दिसते. इथे नवीन रोप मिळवणं जिकिरीचं. लिंबाच्या झाडांचा रोग पसरवणारी सायला कीड कढीपत्त्यावर राहते, म्हणून काही राज्यांत बाहेरून रोप पाठवायला बंदी आहे. आहे तेच टिकवायचंय.

मृद्गंध

टिकल्या म्हणजे खवले कीड, जाळी म्हणजे लाल कोळी. दोन्हींना हीटरची कोरडी हवा आवडते. खवले जुन्या टूथब्रशने घासून काढा, मग तुमच्याकडे मिळणारं बागकामाचं तेल लेबलवरच्या मात्रेने, खोड पूर्ण भिजेल असं. दहा दिवसांनी पुन्हा. कोळ्यासाठी झाड आठवड्याला एकदा बाथटबमध्ये ठेवून पानांच्या पाठीवर शॉवर द्या, मातीवर प्लास्टिक बांधून, म्हणजे कुंडी चिखल होणार नाही. हीटरच्या झोतापासून लांब, सर्वांत उजेडाच्या खिडकीत ठेवा.

थंडीत पानं गळाली तरी खोड नखाने किंचित खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, पाणी कमी करा आणि खत बंद ठेवा. वसंतात बाहेर काढताना पहिला आठवडा सावलीतच ठेवा. घरात वाढलेली पानं एकदम कडक उन्हात भाजतात आणि ते डाग रोगाचे समजून पुन्हा फवारणी सुरू होते.